दुखतं इथं, बिघडलंय तिथं

दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा, कुठं दुखतंय? पोटावरच्या टाक्यांपेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकतोय, असं सांगणारे कितीतरी जण भेटतील. घरच्यांना वाटतं, टेबलावर हात अवघडला असेल. खरं कारण वेगळंच असतं. शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्यातला थोडा वायू मागे राहतो आणि श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला डिवचतो. या पडद्याची नस निघते थेट मानेतून, मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून. खांद्यावरच्या त्वचेच्या नसाही त्याच भागातून निघतात. दोन्हीकडच्या बातम्या मज्जारज्जूत एकाच पातळीवर येऊन पोचतात. मेंदूला तिथून आजवर तक्रार ऐकू आलेली असते ती खांद्याची. श्वासपटल कशाला कुरकुरतंय! त्यामुळे हेही दुखणं तो बिनदिक्कत खांद्याच्या नावावर मांडतो.

आता खरा प्रश्न. पडदा पोटाच्या वर, मग त्याची नस मानेतून का? जवळच छातीच्या नसांच्या बारा जोड्या आहेत की! उत्तर गर्भात सापडतं. श्वासपटल घडायला सुरुवात होते ती मानेच्या जागी. पुढे गर्भाची वाढ होताना ते खाली सरकत जातं आणि जाताना आपली नस सोबत ओढत नेतं. लेक सासरी कितीही लांब गेली तरी माहेरचा धागा सुटत नाही, तसंच हे. अवयवाला नस कुठून येते, हे त्याच्या आजच्या जागेवरून कळत नाही. त्याचं माहेर शोधावं लागतं. एवढं एक सूत्र हाती धरून शरीरात फेरफटका मारला की कोडी भराभर सुटायला लागतात.

आणि हे मानेचं माहेर जीवनमरणाचं आहे बरं. मानेच्या मज्जारज्जूला पाचव्या मुळाच्या खाली इजा झाली तर हातपाय लुळे पडूनही माणूस स्वतःचा श्वास स्वतः घेऊ शकतो. इजा तिसऱ्याच्या वर असेल तर व्हेंटिलेटरशिवाय गत्यंतर नसतं. अपघातात पडलेल्या माणसाची मान हलवू नका, असं जे वारंवार सांगतात ते म्हणूनच.

जिराफाचा वळसा

आपला आवाज ज्या नसेवर चालतो ती मेंदूतून निघालेल्या व्हेगस या लांबलचक नसेची फांदी. मेंदूपासून स्वरयंत्र किती लांब? काही सेंटीमीटर. पण डाव्या बाजूची ही फांदी घसा ओलांडून छातीत उतरते, हृदयाच्या वर महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि आल्या वाटेनं वर चढून स्वरयंत्रात शिरते. उजवी थोडी शहाणी, ती गळ्याच्या पायथ्याशीच धमनीला वळसा घालते. गर्भात मान जवळजवळ नसतेच आणि हृदय घशाला खेटून असतं, त्या वेळी ही वाट सरळच होती. मग हृदय खाली गेलं, मान लांबली आणि धमनीत अडकलेली नस ताणत गेली. जिराफाची मान केवढी, पाहा! त्याच्या या नसेचा प्रवास साधारण साडेचार मीटरचा भरतो.

या वळशामुळे डॉक्टरांना एक अजब खूण मिळाली. व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी 1897 साली असे रुग्ण नोंदवले, की ज्यांचा आवाज बसला होता पण घसा ठणठणीत होता. बिघाड होता हृदयाच्या झडपेत. झडप अरुंद झाल्यानं हृदयाचा डावा वरचा कप्पा फुगला होता आणि छातीतल्या त्या नसेवर दाब पडत होता. आजही आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल तर डॉक्टर स्वरयंत्र तपासतात आणि छातीचा एक्स-रेही काढायला सांगतात. घसा दाखवायला गेलेल्या रुग्णानं त्यावर चिडू नये.

ही नस पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली, तर दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेन या वैद्याच्या. जिवंत डुकरावर तो श्वासाच्या नसा शोधत होता. डुक्कर जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. चुकून ही नस कापली गेली. डुकराची धडपड तशीच चालू राहिली, आवाज मात्र गप्पकन बंद! आवाज हृदयातून उमटतो, असं मोठमोठे विद्वान तेव्हा मानत. गॅलेननं हाच प्रयोग भर सभेत करून दाखवला आणि आवाजाची सूत्रं मेंदूकडे आहेत हे लोकांना पटवलं. त्या मुक्या जनावराचे हाल वाचताना अंगावर काटा येतो, पण थायरॉइडची शस्त्रक्रिया करताना सर्जन आज ज्या नसेला डोळ्यांत तेल घालून जपतात ती हीच.

बेंबीपासून सुरुवात

अपेंडिक्स असतं पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात. तरीही सुजलं की पहिल्यांदा दुखते ती बेंबी. काही तासांनी दुखणं उजवीकडे सरकतं. हे सरकणं म्हणजे दोन वेगळ्या नसांची साक्ष. आतड्याच्या नसा छातीच्या दहाव्या मुळाच्या आसपास पोचतात आणि बेंबीच्या त्वचेचीही जोडणी तिथलीच, म्हणून आधी मोघम बेंबी. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की अस्तराची नस बोलायला लागते. ती बोट ठेवून जागा दाखवते.

पुरुषांना ठाऊक असलेली एक वेदना अशीच. क्रिकेटचा चेंडू भलत्या ठिकाणी लागला की पोटात कळ येते, मळमळतं, माणूस दुमडून खाली बसतो. कारण वृषणं तयार होतात पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. जन्माच्या सुमारास ती खाली उतरतात, पण नस आणि रक्तवाहिनी पोटातलीच राहते.

हृदयविकाराच्या झटक्यात डावा हात, जबडा, कधी नुसताच खांदा दुखतो तोही याच हिशेबानं. हृदयाच्या वेदना घेऊन येणारे तंतू छातीच्या वरच्या मुळांत शिरतात आणि हाताच्या आतल्या बाजूची त्वचाही त्यांतल्याच काहींशी जोडलेली. कित्येकांना, विशेषतः स्त्रियांना आणि मधुमेहींना, छातीत दुखतच नाही. घाम फुटतो, दम लागतो, पोटात जळजळल्यासारखं होतं. अ‍ॅसिडिटी समजून घरी सोडा पीत बसू नये, इसीजी काढून घ्यावा.

नागिणीचं तोंड आणि शेपूट

नागीण उठली की आपल्याकडे अजूनही कुणीतरी हळूच म्हणतं, तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं तर माणूस वाचत नाही. बिचारा रुग्ण रोज आरशात पट्टा किती पुढं सरकला ते बघत बसतो. त्याला सांगायला हवं की हा पट्टा सहसा कमरेला वेढा घालतच नाही.

लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. मज्जारज्जूच्या शेजारी नसांच्या मुळाशी ज्या गाठी असतात त्यांत तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी झाली की एखाद्या गाठीतून जागा होतो आणि त्याच नसेच्या वाटेनं त्वचेपर्यंत येतो. मज्जारज्जूतून निघणारी प्रत्येक नस शरीराच्या आपल्या अर्ध्या भागापुरतीच असते. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. म्हणून नागीण पाठीच्या कण्यापासून निघते आणि छाती-पोटाच्या मध्यरेषेशी थांबते. गेरूचे लेप लावण्यात दिवस घालवण्यापेक्षा पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू करणं फार महत्त्वाचं. नंतर महिनोन् महिने उरणारी आग त्यामुळे कमी होण्याची शक्यता असते. पुरळ कपाळावर किंवा डोळ्याजवळ असेल तर एक दिवसही थांबू नये.

या पट्ट्यांचा नकाशा मोठा मनोरंजक आहे. स्तनाग्रांची पातळी चौथ्या छातीच्या नसेची, बेंबी दहावीची. गळपट्टीच्या हाडाखाली मात्र मानेच्या चौथ्या नसेला लागून एकदम छातीची दुसरी येते. मधल्या पाच कुठं गेल्या? गर्भात हाताचा कोंब फुटला तेव्हा त्या त्याच्याबरोबर हातात निघून गेल्या!

डोळ्याची नस छातीतून

सगळ्या वळशांत मला सर्वांत थक्क करणारा वळसा हा वाटतो. अंधारात बुबुळाच्या मधली बाहुली मोठी होते. तो हुकूम मेंदूच्या तळातून निघतो, मज्जारज्जूतून छातीच्या पहिल्या मुळापर्यंत खाली उतरतो, बाहेर पडून फुप्फुसाच्या टोकावरून जातो, मानेतल्या धमनीला बिलगून वर चढतो आणि कवटीत शिरून डोळ्याला पोचतो. कारण या जातीच्या नसांना मज्जारज्जूतून बाहेर पडायला फक्त छातीपासून कमरेच्या वरच्या भागापर्यंतच वाट आहे. डोक्यासाठी निघालेल्यांनीही तिथूनच जायचं.

त्यामुळे एकाच बाजूची पापणी किंचित खाली आलेली, बाहुली लहान आणि चेहऱ्याच्या तेवढ्याच भागाला घाम नाही, असं दिसलं तर डॉक्टर फुप्फुसाच्या टोकाशी गाठ आहे का ते शोधतात. स्विस नेत्रतज्ज्ञ योहान फ्रीडरिख हॉर्नर यांनी 1869 मध्ये हे त्रिकूट नीट नोंदवलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं.

जिथं नस पोचतच नाही

केस आणि नखं कापताना दुखत नाही, हे सगळ्यांना माहीत. बाळाची नाळ कापताना ना बाळाला दुखतं ना आईला, कारण नाळेत वेदनेच्या नसा नाहीत. सांध्यातल्या गुळगुळीत कूर्चेत नस नाही, म्हणून ती झिजत असते तेव्हा पत्ताच लागत नाही. गुडघा बोंबलतो तो खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर गोत्यात आल्यावर. यकृताचा गाभाही मुका आहे. त्याच्यावरचं पातळ आवरण ताणलं गेलं तरच दुखतं.

साऱ्या देहाची दुखणी ज्याला कळतात त्या मेंदूला स्वतःला मात्र वेदना जाणवत नाही. कवटीची त्वचा आणि मेंदूवरचं आवरण बधिर केलं की जागेपणी, रुग्णाशी गप्पा मारत मेंदूची शस्त्रक्रिया करता येते आणि केलीही जाते.

आतड्याचं गणित आणखी विचित्र. आतून ते कापलं किंवा डागलं तरी दुखत नाही, फुगवलं की मात्र कळवळायला होतं. कोलोनोस्कोपीत आतड्यातला मोड कापून काढतात तेव्हा काही जाणवत नाही, नळीतून हवा भरल्यावर पोटात कळ येते. आणि दुसऱ्या टोकाला डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, पण नसांची दाटी त्वचेच्या शेकडो पट. धुळीचा एक कण गेला की माणूस गाडी बाजूला घेतो, ते काही उगीच नाही.

आतड्याचा स्वतंत्र कारभार

लंडनमध्ये 1899 साली बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीनं कुत्र्याच्या आतड्याकडे येणाऱ्या बाहेरच्या सगळ्या नसा तोडून पाहिल्या. आतड्यात अन्नासारखा गोळा ठेवला. गोळा निवांत पुढं सरकत राहिला, तोही योग्य दिशेनं. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. कुठं आवळायचं, कुठं सैल सोडायचं हे त्या परस्पर ठरवतात, मेंदूकडून हुकूम येण्याची वाट बघत नाहीत.

या पेशी आतड्यात जन्मत नाहीत. बहुतेक सगळ्या गर्भाच्या मानेजवळून निघतात आणि आतड्याच्या भिंतीतून खाली खाली प्रवास करत शेवटपर्यंत पोचतात. साधारण 5,000 पैकी एका बाळात हा प्रवास मध्येच थांबतो. मोठ्या आतड्याचा शेवटचा तुकडा चेतापेशींविना राहतो, आवळलेलाच राहतो आणि वरचं आतडं फुग्यासारखं फुगत जातं. कोपनहेगनच्या हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये अशी बाळं जगासमोर मांडली. पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष त्या फुगलेल्या भागाकडेच होतं. खरा दोष खालच्या, दिसायला साध्यासुध्या अरुंद तुकड्यात होता. हे ओळखून तो तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया ऑर्व्हर स्वेन्सन यांनी बॉस्टनमध्ये रूढ केली, 1948 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि मुलं वाचायला लागली. नवजात बाळाला 48 तासांत पहिली काळी शी झाली नाही तर डॉक्टर सावध होतात ते याचसाठी.

नसेशिवाय धडधडणारं हृदय

हृदयाचे ठोके मेंदू चालवतो असं वाटतं, पण हृदयातच एक ठोकेकरी ठिपका आहे. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला सुमारे 100 ठोके मारतो. आपली नाडी सत्तरच्या घरात असते, कारण व्हेगस नस त्याला रात्रंदिवस आवरून धरते. नाडी संथ असणं म्हणजे ही नस कामावर असणं.

ती नेमकं करते काय, ते ऑटो लोवी यांना 1921 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात समजलं. त्यांनीच सांगितलेली हकीगत अशी: रात्री झोपेत प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडला, सकाळी ते अक्षर त्यांचं त्यांनाच लागेना! दुसऱ्या रात्री तोच विचार पुन्हा आला तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, हृदय मंदावलं. त्याभोवतालचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं. तेही मंदावलं, नसेला हातही न लावता. म्हणजे नस टोकाशी एक रसायन सोडते. ते अ‍ॅसिटिलकोलीन. लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत 1936 चं नोबेल मिळालं.

हृदय प्रत्यारोपणात रक्तवाहिन्या शिवतात, नसा शिवत नाहीत. केपटाउनमध्ये डिसेंबर 1967 मध्ये जगातलं पहिलं मानवी प्रत्यारोपण झालं आणि दोनच महिन्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं करून पाहिलं. त्यांचा रुग्ण काही तासांतच गेला, पण ते धाडस केवढं! आज असं नवं हृदय घेऊन माणसं वर्षानुवर्षं जगतात. आवरणारी व्हेगस नसल्यानं त्यांची नाडी बसल्या जागीही 90 ते 110 च्या घरात असते. जिना चढताना ती लगेच वाढत नाही, रक्तातून अ‍ॅड्रिनॅलिन येऊन पोचेपर्यंत थांबावं लागतं. आणि त्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली तरी बहुधा छातीत दुखत नाही, म्हणून तपासण्या चुकवून चालत नाहीत.

झटपट पाच

कानात काडी घातल्यावर काहींना ठसका लागतो. कानाच्या नळीत व्हेगसची एक बारीक फांदी येते आणि मेंदूला वाटतं घशातच काहीतरी आहे.

जिभेच्या पुढच्या भागाची चव घेऊन जाणारी नस कानाच्या पडद्याला लागून जाते. कानाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस चहा धातूसारखा लागला तर दोष चहापत्तीचा नाही.

धुणं-भांडी करून बोटांना सुरकुत्या पडतात त्या नुसत्या पाणी मुरल्यानं नाहीत. नसा बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून त्या पडतात. नस तुटलेल्या बोटाला तासभर भिजवलं तरी ते गुळगुळीतच राहतं. बोलता न येणाऱ्या लहान मुलाच्या हाताला काच लागली असेल तर डॉक्टर हीच परीक्षा घेतात.

बाळ दूध ओढायला लागलं की निरोप स्तनाग्राच्या नसेतून मेंदूकडे जातो, पण उत्तर नसेतून येत नाही. ऑक्सिटोसिन रक्तातून येतं आणि पान्हा फुटतो.

पाय टेबलावर आपटला की आधी टोचल्यासारखं होतं आणि क्षणभरानं ती खोल ठणक येते. पहिली बातमी आणणारे तंतू जाड आणि वेगवान, दुसरी आणणारे बारीक, सेकंदाला एखाददोन मीटर चालणारे.

न दुखण्याची किंमत

कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेच्या हान्सेननी 1873 मध्ये शोधले. या जंतूंना थंडावा आवडतो, म्हणून ते त्वचेजवळून जाणाऱ्या नसा गाठतात: कोपराच्या मागची, गुडघ्याच्या बाजूची, चेहऱ्याची. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होतं, हात बधिर होतो. बोटं या रोगानं सडून गळतात, असा समज शतकानुशतकं होता आणि त्यापायी माणसांना गावाबाहेर काढलं गेलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं झडतात ती दुखत नाही म्हणून. चुलीचा चटका कळत नाही, चपलेतला खिळा टोचत नाही, रात्री उंदीर कुरतडून जातो तरी जाग येत नाही. त्यांनी स्नायूंच्या कंडरा एका जागेवरून दुसरीकडे वळवून वाकडी बोटं पुन्हा कामाला लावली. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं तर नस वाचते. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

तुटलेली नस परत येते तेव्हा

कापलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. हे वाढणं आतून कसं जाणवतं, ते कळावं म्हणून लंडनच्या हेन्री हेड या डॉक्टरांनी 1903 मध्ये स्वतःच्या डाव्या हाताच्या नसा मुद्दाम कापून घेतल्या. मित्र रिव्हर्स केंब्रिजमध्ये चार वर्षं त्या हाताला टाचण्या टोचत, कापूस फिरवत, गरम-थंड लावत नोंदी करत राहिले. आधी परतली ती वेदना, जरा जास्तच तीव्र होऊन. हलक्या स्पर्शाची नेमकी जाण खूप उशिरानं आली.

परतणारी नस कधी कधी चुकीच्या दारात शिरते. गालाच्या लाळग्रंथीची शस्त्रक्रिया झालेल्या काही रुग्णांना महिन्यांनंतर जेवताना त्याच गालावर घाम फुटतो. लाळेसाठी निघालेले तंतू वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडले जातात. पोलंडच्या लुसिया फ्राय या तरुण डॉक्टर बाईंनी 1923 मध्ये हे कोडं नसांच्या आधारे सोडवलं. चुकीची जोडणी जमते तरी कशी? लाळेच्या नसा ज्या अ‍ॅसिटिलकोलीनवर चालतात त्यावरच घामाच्या ग्रंथीही चालतात, म्हणून परक्या नसेचं बोलणं त्यांना बरोब्बर समजतं. बोटॉक्स अ‍ॅसिटिलकोलीनला नसेच्या टोकातून सुटूच देत नाही. त्याची बारीक इंजेक्शनं गालाच्या त्वचेत दिली की पुढचे काही महिने लोणच्याची बरणी समोर आली तरी गाल कोरडा राहतो.